ताठ चिमट्याची सायकल

मुळशीतल्या वाटा पावसाच्या हाताखाली घडतात. ताम्हिणीकडून येणारं पाणी जूनपासून माती उपसून नेतं आणि दसऱ्याच्या सुमारास वाट परत मिळते तेव्हा तिच्यात दगडच जास्त उरलेले असतात. त्यातून खोऱ्याच्या सपाट तळाचा, भाताच्या चांगल्या जमिनीचा मोठा भाग टाटांच्या धरणाखाली गेला. 1921 साली सेनापती बापटांनी सत्याग्रह मांडला, शेतकरी तुरुंगात गेले, तरी धरण झालं आणि पाणी कोकणात भिऱ्याच्या वीजघराकडे वळलं. आपल्या वाट्याला आल्या त्या डोंगरकडेच्या वाटा. चढ, ओढा, दगड, पुन्हा चढ.

अशा वाटेसाठी दुकानदार स्प्रिंगवाल्या चिमट्याची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कची, सायकल काढून दाखवतो. मी घराच्या पडवीत बांधली तिच्यात कुठेच स्प्रिंग नाही. पोलादी नळ्यांची फ्रेम, पोलादाचा ताठ चिमटा आणि रुंद टायर. सायकलवाल्यांच्या भाषेत ‘रिजिड’. शेजारचे काका तिला ‘अर्धवट राहिलेली’ म्हणतात.

खरं तर डोंगरातली सायकल जन्मली तीच अशी. कॅलिफोर्नियात मरीन काउंटीतली पोरं जुन्या श्विन सायकली डोंगरावर चढवून खाली सोडायची. 21 ऑक्टोबर 1976 ला त्यांची पहिली ‘रीपॅक’ शर्यत झाली. उतार संपेपर्यंत मागच्या ब्रेकच्या हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं, त्यावरून हे नाव. त्यांच्यातल्याच जो ब्रीझने पुढच्या वर्षी खास डोंगरासाठी फ्रेम घडवायला घेतली. हा सगळा खेळ ताठ चिमट्यांवर चालला. रॉकशॉक्सचा स्प्रिंगवाला चिमटा बाजारात यायला 1989 उजाडलं. आणि आपल्याकडे? दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून खडीच्या रस्त्याने पुण्याकडे निघणारी गवळ्याची काळी सायकल आणखी काय होती! तिला माउंटन बाइक म्हणायचं कुणाला सुचलं नाही, एवढंच.

माझं कारण मात्र इतिहासाचं नाही, चिखलाचं आहे. स्प्रिंगच्या चिमट्याचं खालचं तेल साधारण पन्नास तास चालवल्यावर बदलावं लागतं. श्रावणातला तांबडा गाळ सीलच्या कडेला बसला, की तेवढीही वाट पाहता येत नाही. ताठ चिमट्याला बादलीभर पाणी आणि फडकं पुरतं.

फ्रेम कागदावर काढताना या ताठपणाचा फायदा कळतो. स्प्रिंगवाली सायकल माणूस बसला की दबते. मग पेडलची उंची, हेड ट्यूबचा कोन सगळं दबलेल्या अवस्थेत मोजायचं. इथे कागदावरची उंची तीच वाटेवरची उंची. हेड ट्यूब, म्हणजे चिमटा फिरतो ती पुढची नळी, जुन्या काळ्या सायकलीत निवांत मागे झुकलेली असायची. मधल्या काळात डोंगरी सायकली 71 अंशांपर्यंत ताठ झाल्या आणि आता उतारावरच्या भरवशासाठी पुन्हा 67च्या खाली आल्या आहेत. तयार फ्रेमला ताठ चिमटा लावायचा असेल, तर एक जपावं: तो स्प्रिंगवाल्यापेक्षा वीस मिलिमीटरने आखूड निघाला, तर हा कोन जवळजवळ एका अंशाने बदलतो आणि सायकल नाकावर चालल्यासारखी वाटते.

नळ्या क्रोमोलीच्या, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेल्या पोलादाच्या. टोकाला जाड, मध्ये पातळ. एका नळीचं टोक दुसरीवर फट न ठेवता बसावं म्हणून अर्धगोल कानशीने घासत राहायचं. या कामाला घाई चालत नाही. फटीतून उजेड दिसला, की पुन्हा कानस. मग टाकणखाराचा लेप, गॅसची ज्योत आणि पितळ. नळी पुरेशी लाल झाली, की पितळ आपणहून सांध्यात धावतं. जास्त तापवलं तर पोलाद खराब होतं. हा लाल रंग ओळखायला मी पिरंगुटच्या एका फॅब्रिकेटरकडे शिकलो. चिमटा मात्र मी विकत आणला. फ्रेमचा सांधा सहसा आधी चिरतो, करकरतो. चिमटा सुटला तर माणूस थेट तोंडावर आपटतो.

पोलाद हाच एक मार्ग आहे असं नाही. पुण्यात हवाई दलातून निवृत्त झालेले विंग कमांडर शशिशेखर पाठक हाताने बांबूच्या सायकली घडवतात, ‘बांबूची’ या नावाने. इंग्लंडमध्ये 1894 च्या सुमारासच बांबूच्या सायकली निघाल्या होत्या. बांबू धक्का स्वतःत जिरवतो, त्यामुळे ताठ सायकलीला तो शोभतो. मुळशी-वेल्ह्यात बांबूची इतकी बेटं असताना आपल्या गावागावात अशी एकही कार्यशाळा असू नये, हे मला खटकतं.

सगळ्यात जीव रमतो तो चाकात. बत्तीस आरे, प्रत्येक आरा तीन आऱ्यांना ओलांडून रिमला भिडलेला. सगळे लागले, की आउट काढायचा: चाक फिरवायचं, कुठे डुलतं ते पाहायचं, निपलला पाव वळसा. मग बोटाने आरे छेडायचे. एका बाजूचे सगळे एका स्वरात वाजले, म्हणजे ताण सारखा. मागच्या चाकाची उजवी बाजू नेहमी चढ्या स्वरात बोलते, कारण फ्रीव्हीलला जागा देताना तिकडचे आरे उभे आणि जास्त ताणलेले राहतात. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असेल, तर तोच प्रकार डाव्या बाजूला.

स्प्रिंगचं उरलेलं काम टायर करतो. अडीच इंच रुंद, ट्यूबलेस, हवा वीस पीएसआयच्या आत-बाहेर. तरीही उतारावर मनगटं दुखतात, खोटं कशाला बोला! दगड निवडत जावं लागतं, वेग बेताचा राहतो. हे ज्याला जाच वाटतं त्याने स्प्रिंग घ्यावी. तिच्यात कमीपणा नाही.

तुम्हाला बांधायची असेल, तर फ्रेम विकत घ्या, पण एक चाक स्वतः विणा. आणि मुळशीत याल तेव्हा आषाढ-श्रावणात बांधावरून सायकल नेऊ नका. टायरने बांध फुटला, की खाचरातलं पाणी रातोरात निघून जातं आणि ते खाचर आंबेमोहराचं असतं.