वाल्याचा प्रश्न

हेन्री किंग यांचा १९३९ सालचा ‘जेसी जेम्स’ हा बोलपट आम्ही पाहिला, तेव्हा आरंभीच आमचे मन त्या दरोडेखोराच्या बाजूस झुकले. अमेरिकेतील मिझुरी प्रांतात लोहमार्ग येऊ घातला आहे. कंपनीचा माणूस धाकदपटशा दाखवून शेतकऱ्यांच्या जमिनी कवडीमोलाने लिहून घेतो. सही नाकारणाऱ्या जेसीच्या मातेच्या घरावर बाँब पडतो आणि ती मरते. मग पुत्राने आगगाड्या लुटल्या, तर त्यास कोणत्या तोंडाने दोष द्यावा?

परंतु इतिहास निराळा आहे. १८७५ साली त्या घरात स्फोटक खरोखरच पडले. मातेचा हात गेला, धाकटा सावत्र भाऊ दगावला. मात्र जेसीची लूटमार त्याच्या कितीतरी आधीपासून चालली होती. शिवाय त्या कुटुंबाच्या शेतावर पूर्वी गुलाम राबत असत. त्यांचे अश्रू आम्हांस पडद्यावर दिसले नाहीत.

वाल्या कोळ्याने घरच्यांस विचारले होते, ‘माझ्या पापाचे वाटेकरी व्हाल काय?’ बोलपटातही जेसीची पत्नी तान्हे मूल उचलून निघून जाते, उत्तर तेच. अन्याय सोसला म्हणून पापाचे पुण्य होत नाही. अंधारात बसून टाळ्या वाजविणारे आम्ही मात्र, कोणी न विचारताच वाटेकरी झालो होतो.