खिंडीपलीकडचे ढगांचे रान

पेरू देशातील मानू राष्ट्रीय उद्यान पाहायचे, हा आमच्या बारा वर्षांच्या लेकीचा हट्ट. आम्ही दोघे, अम्मी आणि ती असे चौघे कुस्को शहरातून पहाटेच निघालो. कुस्को सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. तिथे आम्ही एकच दिवस थांबलो होतो. ही आमची चूक.

१९७३ साली स्थापन झालेले आणि १९८७ पासून जागतिक वारसा असलेले हे उद्यान अँडीजच्या माथ्यापासून थेट अ‍ॅमेझॉनच्या सखल जंगलापर्यंत पसरले आहे. रस्ता त्याच्या कडेने उतरतो. पण आधी अकहानाकोची खिंड चढावी लागते. वर झाड नाही, नुसते पिवळे गवत आणि बोचरा वारा. तिथेच लेकीचे डोके ठणकू लागले. उलटी झाली, धाप लागली.

खिंडीतून आणखी वर त्रेस क्रुसेस नावाची जागा आहे. तिथून खाली पसरलेले जंगल दिसते. "एवढ्या लांब आलोय, दहा मिनिटे तरी जाऊन येऊ," असे आमच्यातल्या एकाच्या तोंडून निघून गेले. अम्मी कडाडल्या, "डोंगर कुठे पळून जातोय का? आधी पोरीला बघा!" आम्ही गप्प झालो. चालकाला हातानेच खूण केली, खाली चला.

उतार लागला आणि तासाभरात धुक्याने गाडी वेढली. गवत संपून रान सुरू झाले. प्रत्येक फांदीवर शेवाळाची जाड गोधडी, त्यात ऑर्किड, आणि झाडाएवढी उंच नेची. पाऊस नसतानाही पाने ठिबकत होती. हे शेवाळ ढगातले पाणी धरून ठेवते. लेक उठून बसली, खिडकी उघडली आणि म्हणाली, "भूक लागली." आमच्या जिवात जीव आला.

रात्री भात, अंडी आणि तळलेली केळी खाल्ली. सकाळी फज्रनंतर पेरूचा राष्ट्रीय पक्षी पाहिला, शेंदरी रंगाचा कॉक ऑफ द रॉक. मादीसमोर नरांचा नाच आणि गलका चालला होता.

वाटाड्याने एक गोष्ट सांगितली. हवा तापत चालल्याने या उतारावरच्या झाडांच्या अनेक जाती पिढी दर पिढी वर सरकत आहेत. पण माथ्यावर गवताळ माळ. तिथे वणवे आणि चराई, रोप टिकणे कठीण. आमची लेक खाली उतरून सावरली. या झाडांना मात्र वरच जायचे आहे, आणि वरची वाट अडलेली.

परतताना खिंड आली, तसा अम्मींनी तिचा हात घट्ट धरला. या वेळी तिला काही झाले नाही. ती मान वळवून मागे पाहत होती, शेवटचे झाड कुठे संपते ते.