रात्री दोन वाजता डिलीट करू नये

फोन वाजला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. आयटीवाल्याला या वेळी येणारा फोन प्रेयसीचा नसतो, हे एव्हाना अनुभवाने कळलेलं असतं. ‘डेटाबेस बसलाय,’ नाइट शिफ्टवाला म्हणाला आणि माझी झोप खाडकन उडाली.

2015चा ऑक्टोबर संपत आला होता. दिवाळी तोंडावर. सकाळी क्लायंटच्या कामगारांचा पगार आणि बोनस आमच्याच डेटाबेसमधून निघणार होता. जाम टरकलो.

लॅपटॉप उघडला. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस. डिस्कच्या जागेचे तुकडे पाडून प्रत्येक कामाला वेगळा तुकडा द्यायचा, त्याला आम्ही व्हॉल्यूम म्हणतो. त्यातला एक शंभर टक्के भरला होता. लिहायला जागा नाही म्हटल्यावर पोस्टग्रेसने मान टाकलेली. आत डोकावलो, तर 16-16 एमबीच्या फायलींचा ढीग, 24-24 अक्षरांची अगम्य नावं. फोल्डरचं नाव पीजी_एक्सलॉग. लॉग? म्हणजे जुना कचराच की! उडवा, जागा मोकळी करा, झोपा. कमांड टाइपही केली. एंटर दाबण्याआधी काय वाटलं कोण जाणे, टीम लीडला फोन लावला.

‘एंटर दाबलंस?’ तिने एवढंच विचारलं.

‘अजून नाही.’

‘मग हात बाजूला घे. तुझ्या बाबांचं दुकान आहे ना? ते कधी रोजमेळ फाडून टाकतात का?’

डोक्यात ट्यूब पेटली. रोख असो की उधारी, बाबा आधी रोजमेळात टिपायचे. ज्याच्या त्याच्या खात्यावर, खतावणीत, नंतर सवडीने चढवायचे. डेटाबेसही तेच करतो. प्रत्येक बदल आधी या फायलींत लिहितो, मगच ‘झालं’ म्हणतो. मूळ डेटा फायलींत तो अधूनमधून, चेकपॉइंटच्या वेळी, चढवतो. मध्येच आडवा झाला, तर उठल्यावर शेवटच्या चेकपॉइंटपासून रोजमेळ वाचत सगळं पुन्हा चढवतो. अर्धवट राहिलेला व्यवहार झालाच नाही, असं धरतो. क्रॅश रिकव्हरी ती हीच. मी एंटर दाबलं असतं, तर डेटाबेस उठलाच नसता. जबरदस्तीने उठवला असता, तरी हिशेब जुळेल याची खात्री नव्हती.

तिने काही जागा मुद्दाम कुणालाच न देता राखून ठेवली होती. त्यातली 20 जीबी भरलेल्या व्हॉल्यूमला जोडली आणि सर्व्हर सुरू केला. स्क्रीनवर ओळ आली: डेटाबेस नीट बंद झाला नव्हता, रिकव्हरी चालू आहे. पुढची चार मिनिटं मी ओळखीच्या सगळ्या देवांना नारळ कबूल केले. मग दुसरी ओळ: तयार आहे. एकही नोंद गेली नव्हती. पगार वेळेवर निघाला.

आणि ढीग साचला कशाने? तीन आठवड्यांपूर्वी मी एक कॉपी सर्व्हर टेस्टिंगसाठी जोडला होता. नंतर तो बंद केला, पण त्याचा रेप्लिकेशन स्लॉट काढायला विसरलो. पोस्टग्रेस बिचारा त्याच्यासाठी एकेक फाइल जपून ठेवत होता. सकाळच्या मेलमध्ये कारणापुढे स्वतःचं नाव लिहिताना एंटर तसंच जड झालं होतं. पण लिहिलं.

2017मध्ये पोस्टग्रेसची दहावी आवृत्ती आली आणि त्या फोल्डरचं नाव पीजी_वॉल झालं. का? नावातला ‘लॉग’ बघून लोक ते बिनधास्त उडवत होते म्हणून! वाचून गार वाटलं. माझे भाऊबंद जगभर पसरलेत तर. 2020च्या तेराव्या आवृत्तीपासून स्लॉटने किती फायली अडवून ठेवायच्या, यालाही मर्यादा घालता येते.

मी मात्र दोन नियम कायमचे करून टाकलेत. थोडी जागा नेहमी राखून ठेवायची. आणि रात्री दोन वाजता काहीही डिलीट करण्याआधी कुणाला तरी फोन करायचा. समोरचा वैतागतो. वैतागू दे.