एका नळीची ऊब

1965 च्या स्थलांतराच्या कायद्याने अमेरिकेचे दरवाजे उघडले आणि पुढच्या वर्षांत आमची पिढी क्वीन्समधल्या, जर्सी सिटीतल्या विटांच्या जुन्या इमारतींत येऊन उतरली. थंडीशी आमची ओळख रेडिएटरने करून दिली. खिडकीखाली उभं असलेलं, चंदेरी रंगाचे थरावर थर चढलेलं ते जड लोखंड. ऑक्टोबरात एके पहाटे तळघरातला बॉयलर पेटायचा आणि भिंतीतून ठणठणाट सुरू व्हायचा. एकाच नळीतून वाफ वर यायची आणि पाणी होऊन त्याच नळीतून खाली उतरायची. रेडिएटरचा उतार जरा बिघडला की पाणी तळाशी साचायचं, वाफ त्यावर आदळायची, आणि नळावर कोणी हातोडा मारतंय असं वाटायचं. मग बाजूच्या चिमुकल्या व्हेंटमधून हवा फुसफुसत बाहेर पडायची. वाफ तिथवर पोचली की व्हेंट आपोआप मिटायचा. फुसफुस थांबली म्हणजे खोली तापणार, हे मुलांनाही ठाऊक असे.

आता आमच्यातले पुष्कळजण न्यू जर्सीच्या उपनगरांत स्वतःच्या घरात राहतात, आणि साठी-सत्तरी ओलांडल्यावर घर नव्याने करताना जमिनीखालून ऊब घेतात. कल्पना तशी जुनीच. लाँग आयलंडवर 1947 पासून लेव्हिटाउनची घरं उभी राहिली, तेव्हा त्यांच्या काँक्रीटच्या जोत्यात तांब्याच्या नळ्या पुरलेल्या होत्या. पुढे त्यातल्या कित्येक गळल्या. आता तांब्याच्या जागी पेक्स नावाची प्लास्टिकची नळी आली आहे. तांबं उरलं ते बॉयलरपाशी. गॅसचा बॉयलर भिंतीवर टांगलेला, त्याच्यापासून निघून त्याच्याकडेच परतणारं तांब्याचं एक छोटं वर्तुळ, आणि त्या वर्तुळावर अगदी जवळजवळ बसवलेल्या दोन टी, म्हणजे घराकडे फाटा देणारे तीन तोंडांचे जोड. प्लंबर हे अंतर टेपने मोजतो. टी जवळ असल्या की त्यांच्यामधल्या दाबात जवळपास फरक पडत नाही. बॉयलरचा पंप आपलं पाणी फिरवतो, घराचा पंप आपलं, आणि कोणी कोणाला ढकलत नाही. पुढे झोन सुरू होतात. स्वयंपाकघराचा व्हॉल्व्ह वेगळा, झोपायच्या खोल्यांचा वेगळा, न्हाणीघराचा वेगळा, आणि प्रत्येकाला आपला थर्मोस्टॅट.

हे काम बघत तळघरात उभं राहावं असंच असतं. नळीचं टोक घासून लख्ख करायचं, फ्लक्सचं बोट फिरवायचं, टॉर्चने सांधा तापवायचा आणि सोल्डरची तार नुसती टेकवायची. वितळलेला धातू फटीत आपोआप ओढला जातो आणि सांध्याभोवती चकचकीत कडी उमटते. पण काम संपलं, प्लंबर गेला, की त्या यंत्रणेचा आवाज म्हणून घरात जवळजवळ काही उरत नाही.

इमारतीतल्या त्या जुन्या रेडिएटरवर पत्र्याचं झाकण असायचं, आणि ते झाकण म्हणजे आमच्या घरातली सगळ्यात कामाची जागा. बाहेर बर्फ पडत असताना दही लागणार कसं, ही पहिल्या हिवाळ्यातली मोठी काळजी होती. ती त्या झाकणाने मिटवली. रात्री विरजण लावलेलं पातेलं टॉवेलात गुंडाळून तिथे ठेवायचं, शेजारी इडलीच्या पिठाचा डबा. मुलांचे ओले हातमोजे कडेला ओळीने वाळत पडायचे आणि खोलीभर भिजलेल्या लोकरीचा वास सुटायचा. सकाळी शाळेची घाई असताना जो तो पाठ शेकायला तिथेच येऊन उभा.

आताची जमीन साधारण 29 अंशांच्या वर तापू देत नाहीत. पायांना त्याहून जास्त सोसत नाही. दह्याला 40 अंशांच्या आसपासची ऊब लागते. घरभर ऊब आहे, पण तिची अशी एक जागा कुठे राहिलेली नाही.

जुनं होतं ते बरं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. एका खोलीत भाजून निघायचं आणि दुसरीत कुडकुडायचं. जानेवारीत खिडक्या उघडून बसायचं. जुने हीटिंगवाले सांगतात, 1918 च्या इन्फ्लुएन्झानंतर उघड्या खिडकीत झोपण्याचा आग्रह होता आणि त्या हिशेबाने बॉयलर मोठे बसवले गेले. रांगतं मूल लोखंडाला हात लावील म्हणून जीव टांगणीला असायचा. न्यूयॉर्कचा नियम होता, 1 ऑक्टोबर ते 31 मे घर गरम ठेवायचं. तरी घरमालकाने हात आखडता घेतला की लेकराला कोटासकट झोपवायची वेळ यायची. ते दिवस कोणाच्या वाट्याला यावेत असं मला वाटत नाही. जुन्या बॉयलरची बरीच उष्णता धुराड्यातून आकाशात जायची. नव्यात परतणारं पाणी इतकं कोमट असतं की धुरातल्या वाफेचं तिथेच पाणी होतं आणि ती आपली उष्णता देऊन जाते, म्हणून धूर प्लास्टिकच्या नळीतूनही बाहेर सोडता येतो. आणि दुखऱ्या गुडघ्यांनी पहाटे न्हाणीघरात पाऊल टाकल्यावर फरशी कोमट लागते, तेव्हा जो आराम वाटतो तो खराच आहे.

पण इमारत सोडून पहिलं घर घेतलं तेव्हा थर्मोस्टॅट एकच होता, जेवणाच्या टेबलाशेजारी. सगळ्या घराला एक आकडा. आजीला तो कमी वाटायचा, मुलांना जास्त. जाता-येता कोणीतरी हळूच फिरवायचं, आणि बिल येईल तेव्हा त्यावरून पुन्हा बोलाचाली. शेवटी आजी शाल घ्यायची, मुलं स्वेटर काढायची. अभ्यास, भाजी निवडणं, पत्रं लिहिणं, सगळं त्याच खोलीत, कारण ती जरा जास्त ऊबदार. आता प्रत्येक खोलीला आपला आकडा आहे, आणि दार लावून घेतलं की कोणाला काही मागावं लागत नाही.

आमच्यातल्या एकीने घर करताना प्लंबरला विचारलं, स्वयंपाकघरात एक लोखंडी रेडिएटर बसवशील का, दह्यासाठी? त्याने नीट समजावलं. लोखंड तेवढं तापायला 60 अंशांचं पाणी लागेल. मग जमिनीसाठी त्यात गार पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह हवा. आणि बॉयलरकडे गरम पाणी परतलं की धुरातल्या वाफेचं फारसं पाणी होणार नाही, म्हणजे नव्या बॉयलरवर केलेला खर्च बराचसा वाया. तिला पटलं. दही ती आता ओव्हनचा दिवा लावून आत ठेवते, आणि ते छान लागतं. मात्र नकाशात स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली असे दोन झोन काढले होते, ते तिने एक करून घेतले. दोन्हींना मिळून एकच थर्मोस्टॅट आहे, आणि त्यावर आकडा कोणता असावा यावरून त्या घरात पुन्हा वाद होऊ लागले आहेत.