सोमवारचे दुखणे

मोटारीच्या अंगात जेवढे म्हणून अवयव आहेत, त्यांत बॅटरीइतका अबोल अवयव दुसरा नसेल. इंजिन गुरगुरते, हॉर्न ओरडतो, ब्रेक किंचाळतात, आणि सायलेन्सरला भोक पडले की तो सगळी आळी जागी करतो. बॅटरी मात्र एका कोपऱ्यात मुकाट बसून असते. ती घरात आहे याची आठवण आपल्याला होते, ती काम करीनाशी झाल्यावरच. मग आपण ‘बॅटरी बसली’ असे म्हणतो. हा ‘बसणे’ शब्दही मोठा मार्मिक आहे. गवयाचा आवाज बसतो, व्यापाऱ्याचा धंदा बसतो, पावसाळ्यात जुन्या घराची भिंत बसते, आणि बॅटरी बसते. यांतले कोणीही हौसेने बसत नाही. पण ते का बसले, याची चौकशी करण्याइतका धीर फारच थोड्यांना असतो.

वास्तविक या अबोल पेटीचे घराणे चांगले जुने आहे. प्लांटे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 साली शिशाचे पत्रे गंधकाच्या तेजाबात बुडवून पुन:पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी तयार केली. 1881 साली फोर नावाच्या त्याच्याच देशबांधवाने शिशाच्या पत्र्यांवर लेप चढवण्याची युक्ती काढली आणि ती बाजारात खपण्याजोगी झाली. पुढे 1912 साली अमेरिकेत केटरिंगने मोटारीला विजेचा स्टार्टर बसवला, आणि हँडल मारून मारून माणसांचे मनगट निखळण्याचे दिवस हळूहळू संपले. आज मोटारी कुठल्या कुठे गेल्या आहेत, पण लाखो गाड्यांच्या पोटात तेच शिसे आणि तेच तेजाब आहे. सहा घरे, प्रत्येक घरात दोन व्होल्टांहून किंचित अधिक, असा साडेबारा व्होल्टांचा हा संसार. सेल्फ मारताना दोन क्षणांत शंभराहून अधिक अँपिअर देऊन टाकायचे आणि मग दिवसभर थोडे थोडे परत घेत राहायचे, हा तिचा धर्म.

हे सगळे मला ठाऊक होण्याचे कारण आमच्या दादांची व्हॅन.

आमचे थोरले बंधू साताऱ्याला असतात. वहिनींचा फराळाचा उद्योग आहे. सुरुवात शेजारपाजारच्या दोन-चार घरांपासून झाली. आता गणपती झाले की घराचे माजघर, ओटी, पडवी सगळीकडे चिवड्याचे आणि चकल्यांचे डबे रचलेले असतात. ते डबे कऱ्हाड, वाई, कोरेगावला पोचवायला एक जुनी व्हॅन घेतली. मागची आसने काढून टाकली, मागच्या काचांना आतून प्लायवूड ठोकले, आणि अंधारात डबे दिसावेत म्हणून आत एक दिवा बसवून घेतला. व्हॅनवर वीस वर्षांचा एक पोरगा आहे. त्याची आई वहिनींकडे गेली कित्येक वर्षे चकल्या पाडते. वहिनींचा हात आणि त्या बाईंचा हात यांत गिऱ्हाइकाला फरक कळत नाही, असा तिचा लौकिक.

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस मी तिथे जाऊन राहिलो, तेव्हा घरात चकलीच्या भाजणीबरोबर आणखीही काहीतरी भाजले जात होते. व्हॅनची बॅटरी वरचेवर बसत होती. पहाटे पाच वाजता डबे चढवायचे, पोरग्याने किल्ली फिरवायची, आणि आतून नुसते ‘टक्’ असा आवाज यायचा. मग दूधवाला, पेपरवाला, समोरचे निवृत्त मामलेदार असे सगळे मिळून व्हॅनला धक्का मारायचे. एका दुकानदाराने ‘बॅटरी जुनी झाली’ असे सांगून दोन महिन्यांपूर्वीच नवी घालायला लावली होती. तीही बसू लागली, तेव्हा दादांनी दोष द्यायला दुसरे काहीतरी शोधले, आणि तसे काहीतरी हाताशीच होते. पोरगा शनिवारी संध्याकाळी व्हॅन धुतो आणि धुताना रेडिओवर गाणी लावतो.

दादा ओरडणारे गृहस्थ नाहीत. ओरडले असते तर बरे झाले असते. ते एवढेच म्हणाले, “दिवाळी झाली की तू दुसरं बघ.” पोरगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या आईचे चकली पाडताना गुणगुणणे तेवढे थांबले. मुलाला काढले तर आई राहणार नाही, हे वहिनींना न सांगता कळले होते. त्यांनी मला बाजूला घेऊन म्हटले, “भाऊजी, तुम्ही पोवई नाक्यावरच्या त्या म्हाताऱ्या मिस्त्रींना घेऊन या. यांना मी सांगितलं तर पटायचं नाही.”

मिस्त्री आले. साठी उलटलेली, कानात अत्तराचा फाया, हातात कापडी पिशवी. मला वाटले होते की ते आल्याबरोबर बॉनेट उघडतील. त्यांनी चहा घेतला आणि विचारले, “वहिनी, कोणत्या वारी बसती ही?”

हा प्रश्न आजवर कोणीही विचारला नव्हता. वहिनी उठल्या आणि हिशेबाची वही घेऊन आल्या. वहिनींच्या वहीत सगळे असते. धक्का मारणाऱ्यांना पाजलेल्या चहाच्या दुधाचाही हिशेब त्यात होता. आम्ही ती पाने चाळली. सोमवार. सोमवार. पुन्हा सोमवार. एकदाच शनिवार होता. त्याच्या आधीच्या दोन दिवसांत दसरा आणि दादांचा ताप असा मुक्काम पडला होता.

“म्हणजे शनिवारची गाणीच,” दादा म्हणाले.

मिस्त्री हसले. “दादा, अर्धा तास रेडिओ लागला तर बॅटरीतली चमचाभर वीज जाती. तेवढ्यानं ती बसली असती, तर निम्मा सातारा धक्का मारतच फिरला असता. ही बसती ती गाडी उभी ऱ्हायल्यानं. रोज चालती तवर ठीक. दोन रात्री उभी ऱ्हायली की बसती. कोण तरी चोरून पितंय.”

जुने वैद्य नाडीवर हात ठेवण्याआधी ‘दुखणे रात्री वाढते की दिवसा’ असे विचारीत, त्याची मला आठवण झाली. पण मिस्त्रींचा स्वभाव असा की स्वत:च्या तर्कावरही त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी तीन संशयितांची रीतसर तपासणी मांडली. पहिली खुद्द बॅटरी. त्या सोमवारी सकाळी तिचे माप अकरा व्होल्ट आणि वर तीन दशांश भरले होते. ती रात्रभर चार्जिंगला लावली, काही तास तशीच ठेवली, आणि मग मोजली: 12.6. मग प्रत्येक घराचे बूच काढून काचेच्या नळीच्या हायड्रोमीटरने तेजाबाची घनता पाहिली. साही घरांत काटा 1.260च्या आसपास. एखादे घर मेलेले असते तर तिथे तो खाली गेला असता. “पोर धडधाकट हाय,” मिस्त्री म्हणाले.

दुसरा संशयित आल्टरनेटर. गाडी चालू असताना बॅटरी भरण्याचे काम त्याचे. त्याचा पट्टा दाबून पाहिला, टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्याने धुऊन काढली, आणि इंजिन चालू करून मोजले तर 14.1 व्होल्ट. चौदाच्या आसपास असले की समजावे, वाढणारी बाई हात राखून वाढत नाही.

राहिला तिसरा: चोर. आता मिस्त्रींनी सगळे दिवे बंद केले, किल्ली काढली, बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवली, आणि ती तार व बॅटरी यांच्या मध्ये मल्टिमीटर जोडला. “आता किल्लीला हात लावायचा नाय,” त्यांनी बजावले, “सेल्फ मारलात तर मीटर जळून जाईल.” गाडी निजली असताना जेवढी वीज बाहेर जाईल, तेवढी या मीटरातून जायची. रेडिओतले घड्याळ वगैरे जागे ठेवायला थोडी वीज लागतेच. दोन-चार शतांश अँपिअर असेल तर कोणी बोलू नये.

मीटरवर आकडा आला 0.84.

अंगणात एकदम शांतता पसरली. मिस्त्रींनी फ्यूजच्या पेटीचे झाकण उघडले आणि एकेक फ्यूज काढून, आकडा पाहून, परत बसवायला सुरुवात केली. हॉर्नचा काढला: 0.84. वायपरचा काढला: 0.84. पुढच्या दिव्यांचा काढला: 0.84. दादा हाताची घडी घालून उभे होते. पोरगा पायरीवर बसून डब्यांना चिठ्ठ्या चिकटवीत होता. वर पाहत नव्हता. पाचवा फ्यूज काढला आणि आकडा झर्रकन 0.02वर आला.

“हा कशाचा?” दादांनी विचारले.

मिस्त्रींनी झाकणामागची चिठ्ठी वाचली. “रेडिओ आणि आतले दिवे.”

दादा काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त वहिनींकडे पाहिले. खरे सांगायचे तर त्या क्षणी तपास थांबला असता, आणि सगळ्यांना तो पुराही वाटला असता. शंभरातले नव्वद तपास इथेच थांबत असतील. चोर ज्या आळीत शिरला त्या आळीत आपल्या ओळखीचा एक संशयित राहतो, एवढे कळले की आपण पुढची घरे ठोठावीत नाही.

मिस्त्रींनी फ्यूज परत बसवला. आकडा पुन्हा 0.84. मग त्यांनी रेडिओ खाचेतून पुढे ओढला आणि त्याच्या पाठीचा प्लग उपटून बाजूला ठेवला. आकडा 0.82. पुढच्या छताचा दिवा काढून हातात घेतला. 0.82.

“रेडिओ तर हा इथं पडलाय,” मिस्त्री म्हणाले. “मग पितंय कोण?”

राहिला मागचा दिवा. मागचे दार उघडले की तो लागायचा, बंद केले की विझायचा. निदान विझतो असे सगळे धरून चालले होते. पण दार बंद झाल्यावर तो विझतो की नाही, हे पाहणार कोण? काचांना प्लायवूड ठोकलेले. तेव्हा दादांची सात वर्षांची नात पुढे आली. “मी बसते आत!” तिला डब्यांमधल्या फटीत बसवले, मागचे दार लावले, आणि आम्ही सगळे पत्र्याला कान लावून उभे राहिलो.

“अंधार झाला का गं?” मिस्त्रींनी विचारले.

आतून आवाज आला, “नाही मिस्त्रीकाका, दिवा चालूच आहे! चकल्या दिसतायत!”

त्या दाराच्या चौकटीत एक लहानशी पिन असते. दार लागले की ती आत दाबली जाते आणि दिवा विझतो. दारावर त्या जागी पिन दाबायला रबराचे एक बोंड होते, ते कधी तरी झिजून गळून पडले होते. ज्वारीच्या दाण्याएवढे अंतर राहत होते. बस्स, तेवढेच. दहा वॉटचा तो दिवा रात्रंदिवस कोणाच्याही दृष्टीला न पडता जळत होता. मिस्त्रींनी बोटांवर हिशेब मांडला. बॅटरी पस्तीस अँपिअर-तासांची. एका रात्रीत आठ-नऊ जातात. सकाळी गाडी चालली की ते भरून निघतात. शनिवार संध्याकाळपासून सोमवार पहाटेपर्यंत चौतीस तास, म्हणजे अठ्ठावीस गेले. उरलेल्या सहा-सातांत सेल्फ कसला फिरतो? सोमवारी दार उघडल्यावर दिवा मिणमिणताना दिसला, तरी तो बॅटरी बसल्याची खूण वाटायची. तोच कारण आहे, हे कोणाच्या मनात येणार?

दुरुस्तीला लागले सायकलच्या ट्यूबचे रबर, दोन थेंब सोल्यूशन आणि पाच मिनिटे. मिस्त्रींनी मजुरी सांगितली ती ऐकून वहिनींनी त्यांना त्याच्या दुप्पट किमतीचा फराळ बांधून दिला. नातीला दुसऱ्यांदा आत बसवले, तेव्हा ती “अंधार! अंधार!” म्हणून आनंदाने किंचाळली. अंधार झाला म्हणून इतक्या माणसांना आनंद झालेला मी दिवाळीच्या दिवसांत तरी दुसऱ्यांदा पाहिलेला नाही.

दादांनी पोरग्याची क्षमा वगैरे मागितली नाही. त्यांच्या पिढीत तशी रीत नव्हती. त्यांनी रात्री स्वत:च्या खिशात राहणारी व्हॅनची किल्ली त्याच्या पुढे धरली आणि म्हणाले, “ही आता तुझ्याकडेच ठेव. आणि तो रेडिओ जोडून घे नीट.” पोरग्याने किल्ली घेतली. दुसऱ्या दिवशी चुलीपाशी गुणगुणणे पुन्हा सुरू झाले. वहिनी म्हणाल्या की त्या दिवशीच्या चकल्यांना काटा चांगला आला. भाजणी तीच होती, हे मी मुद्दाम विचारून घेतले.

या प्रसंगावर मी पुष्कळ विचार केला. दादांचा तर्क मूर्खपणाचा नव्हता. त्याला पुरावा होता. वार जुळत होता, फ्यूजही जुळत होता. खोट्या आरोपाचे सामर्थ्य यातच असते की तो बऱ्याच अंशी जुळतो. घराघरांतून ‘घरात बरकत नाही, कारण धाकटी सून उधळी’, ‘मुलाचे अभ्यासात लक्ष नाही, कारण त्याचे मित्र’, अशी निदाने रोज होत असतात, आणि तीही बऱ्याच अंशी जुळतात. फ्यूज काढल्यावर आकडा खाली येतो आणि आपण समाधानाने झाकण लावतो. रेडिओ उपटून बाजूला ठेवण्याचे, आणि एखाद्या लहान मुलाला दाराआड बसवून ‘आत काय दिसते ग?’ असे विचारण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

दिवाळीला माणसे एकत्र जमतात. फराळाच्या ताटाबरोबर वर्षभराची गाऱ्हाणीही बाहेर निघतात. अमका अलीकडे बोलत नाही, तमकी पूर्वीसारखी राहिली नाही. माझ्यापुढे असे गाऱ्हाणे आले की मी हल्ली आधी चकली उचलतो, आणि ती संपेपर्यंत काही बोलत नाही. मग मिस्त्रींचा प्रश्न विचारतो: “कोणत्या वारी?” ऐकणारे बुचकळ्यात पडतात. पण काही जण थांबून आठवू लागतात, आणि आठवता आठवता त्यांचा आवाज थोडा खाली येतो.