दोन संबंध की पाच?

समजा, कळवणच्या एखाद्या व्यापाऱ्याने कांदा फक्त तीन मापांच्या जाळीच्या पिशव्यांत विकायचा ठरवला: ४, ५ आणि ६ किलो. पिशवी फोडायची नाही, अर्धी भरायची नाही. मग १, २, ३ आणि ७ किलोची मागणी त्याला पुरवता येणार नाही. ८ पासून पुढचं प्रत्येक पूर्ण वजन मात्र जमेल. जमणाऱ्या वजनांत शून्यही धरलं, तर कुठल्याही दोन वजनांची बेरीज पुन्हा त्याच संचात सापडते. अशा रचनेला आम्ही मोनॉइड म्हणतो, आणि पदव्युत्तर वर्गाला मी ती याच पिशव्यांवरून शिकवतो. कांद्याचा हिशेब आमच्या तालुक्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

पिशव्यांना क, ख, ग अशी नावं देऊ. खख म्हणजे १० किलो, कग म्हणजेही १० किलो. ककक आणि गग दोन्ही १२. म्हणून दोन संबंध मिळाले: खख = कग आणि ककक = गग. गंमत अशी की बाकीचे सगळे योगायोग या दोघांतूनच निघतात. ककखख हे १८ किलो आणि गगगही १८. खखच्या जागी कग ठेवा, कककग होईल. त्यातल्या कककच्या जागी गग ठेवा, झालं. आता या अक्षरजोड्यांना सहगुणक लावून त्यांची बेरीज करायची मुभा दिली, ३कग + २खखख अशी, की तयार होते ती मोनॉइड रिंग. तिची व्याख्या पुरी व्हायला तीन अक्षरं आणि हे दोन संबंध एवढंच लागतं.

मापं जरा बदला, ३, ४ आणि ५ घ्या. आता दोन संबंध पुरत नाहीत, तीन लागतात: कग = खख, ककक = खग आणि ककख = गग. १९७० साली युर्गन हेर्त्सोग यांनी सिद्ध केलं की सामाईक विभाजक नसलेली कुठलीही तीन मापं घेतली, तरी तिनापेक्षा जास्त संबंध कधीच लागत नाहीत. दोन कधी पुरतात तेही त्यांनी सांगितलं: न जमणारी वजनं आणि जमणारी वजनं एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असतील तेव्हा. आपल्या पहिल्या उदाहरणात न जमणारं सर्वांत मोठं वजन ७. त्यातून १, २, ३, ७ वजा केले की ६, ५, ४, ० उरतात, आणि ही चारही जमणारी. तीन मापांना तीन संबंध पुरतात यावरून कुणाला वाटेल की चार मापांना पाच-सहा संबंध पुरतील. तसं होत नाही. ब्रेसिन्स्की यांनी १९७५ मध्ये दाखवलं की चार मापांसाठी संबंधांच्या संख्येला वरची मर्यादाच नाही! तिनावरून चारावर जाताना जमीन अशी पायाखालून सरकावी, हे मला आजही नवलाचं वाटतं.

या प्रांतात मराठी माणसांची पावलं ठळक आहेत. दिलीप पाटील आणि बलवंत सिंह यांनी १९९० मध्ये, आणि मग पाटील यांनी एकट्याने १९९३ मध्ये, एक सोडून बाकी मापं अंकगणिती श्रेढीत असतील तर नेमके कोणते संबंध लागतात हे शोधलं. त्याआधी श्रीराम अभ्यंकर आणि त्यांचे विद्यार्थी मोह यांनी प्रतलातल्या वक्रांचा अभ्यास करताना अशाच मोनॉइडांची एक शिस्तशीर जात ओळखली होती. तिच्यात प्रत्येक नवं माप आधीच्या मापांशी एकाच संबंधाने बांधलेलं असतं, म्हणून मापांहून एक कमी इतकेच संबंध पुरतात. आपल्या पिशव्या ६, ४, ५ या क्रमाने घ्या: चारच्या तीन पिशव्या म्हणजे सहाच्या दोन, पाचच्या दोन म्हणजे सहाची एक आणि चारची एक. पुण्यात १९७६ साली भास्कराचार्य प्रतिष्ठान उभं करणाऱ्या अभ्यंकरांचा शाळकरी बीजगणितावर मोठा भरवसा होता. चल राशींचा लोप करण्याची जुनी पद्धत फॅशनबाहेर गेली तेव्हाही त्यांनी ती सोडली नाही.

आणि संगणक आज नेमकं तेच करतो. मॅकॉले-२ किंवा सिंग्युलर या फुकट मिळणाऱ्या प्रणालींना सांगायचं की क म्हणजे ट चा चौथा घात, ख पाचवा, ग सहावा. आता ट चा लोप कर. आत चालते ती बुखबर्गर यांनी १९६५ च्या प्रबंधात मांडलेली रीत, आणि उत्तर येतं त्याला ग्रोबनर बेसिस म्हणतात. इथे विद्यार्थी हमखास गोंधळतो. पदांचा क्रम शब्दकोशासारखा, म्हणजे क आधी, मग ख, मग ग असा ठेवला, तर पडद्यावर दोन नाही, पाच संबंध येतात: कग = खख, ककक = गग, ककखख = गगग, कखखखख = गगगग, आणि शेवटी सहा ख बरोबर पाच ग. एकही खोटा नाही. पण शेवटचे तीन पहिल्या दोघांतूनच निघतात. यंत्राला सरळ अदलाबदल करत उत्तरापर्यंत पोचता यावं म्हणून ते लागतात. क्रम बदलून खख आणि गग यांना वरचढ केलं, तर दोनच संबंधांत काम भागतं. किमान यादी हवी असेल तर ती वेगळी मागावी लागते. पडद्यावरच्या ओळी मोजून ‘या रिंगेला पाच संबंध लागतात’ असं लिहिणाऱ्याला मी गुण देत नाही.

इथवर पिशव्या कुठल्याही क्रमाने ठेवल्या तरी चालत होतं. कख आणि खक वेगळे मानले, की खेळाचे नियमच बदलतात. तेव्हा क्नुथ आणि बेंडिक्स यांची १९७० ची रीत वापरतात. गॅप प्रणालीत ती मिळते. पण ती थांबेलच याची हमी नाही, आणि तो दोष रीतीचा नव्हे. संबंधांची यादी दिली असता दोन शब्द एकच आहेत का, हे दर वेळी ठरवणारी रीत असूच शकत नाही, असं मार्कोव्ह आणि पोस्ट यांनी १९४७ मध्ये स्वतंत्रपणे सिद्ध केलं. पुढे त्सेइतिन यांनी पाच अक्षरं आणि जेमतेम सात संबंधांचं उदाहरण दिलं. मग विद्यार्थी विचारतात, एकच संबंध असेल तर? समूहांसाठी, म्हणजे प्रत्येक घटकाला व्यस्त असलेल्या मोनॉइडांसाठी, याचं उत्तर माग्नुस यांनी १९३२ मध्येच दिलं, तिथे रीत आहे. सर्वसाधारण मोनॉइडांसाठी प्रश्न अजून उघडा आहे.