आब्लामोस

संस्कृतचे शब्द जसे चालवले, तसेच आम्ही स्पॅनिशमधील ‘आब्लार’, म्हणजे बोलणे, हे नियमित क्रियापद चालवीत गेलो. ‘आब्लाबामोस’ : आम्ही बोलत असू. ‘आब्लारेमोस’ : आम्ही बोलू. ‘आब्लामोस’पाशी मात्र थबकलो. वर्तमानकाळी तेच रूप, साध्या भूतकाळीही तेच. बोलतो की बोललो, हे संदर्भानेच कळायचे. मराठीत ही सोय नाही. ज्या स्नेह्याशी वर्षानुवर्षे अबोला आहे, त्याच्याविषयी आम्हांस ‘बोललो’ असेच लिहावे लागते. पुढे ‘आ’चा ‘ए’ केला आणि इच्छार्थी रूप सिद्ध झाले : ‘आब्लेमोस’. बोलू या. येथे मराठीला ‘आम्ही’ चालत नाही, ‘आपण’च लागते. त्या स्नेह्यास पत्र लिहायचे, तर आरंभ याच रूपाने करावा लागेल.